अठ्ठेचाळिसाव्या पानावरची सेनापती

बुधवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की छापखान्याच्या फाटकासमोर उभं राहूनही फाटक हातानं चाचपावं लागत होतं. मुकादमबाईनं कुलूप काढलं, बाइंडिंगच्या खोलीतले दिवे लावले आणि चप्पल काढायच्याही आधी कागदाच्या थप्पीवर तळहात ठेवला, तापकरी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. कागद दमट लागत होता. दमट कागद म्हणजे रुसलेला जावई. ओढाल तिकडं येत नाही आणि ठेवाल तिथं राहत नाही. बाईनं बाह्या वर सारल्या, अर्धी थप्पी छातीशी उचलली, पंख्यासारखी पसरली, फडफडवून तिच्यात वारं भरलं आणि उलटी करून ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. बाकीच्या नऊजणी यायच्या आत आठही थप्प्यांना वारं दाखवून झालं होतं. खरं तर हे काम मुकादमानं करायचं नसतं, करवून घ्यायचं असतं. पण करवून घेणं हाच तर बाईचा सगळा घोटाळा होता.

ती या खोलीत आली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि आता चव्वेचाळिसाची. म्हणजे निम्मं आयुष्य घड्या घालण्यात गेलं. छापखान्याच्या यंत्रातून पुस्तक बाहेर पडतं ते पुस्तकाच्या रूपात पडत नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं उलटीसुलटी छापलेली असतात. त्या कागदाला तीन घड्या घातल्या की तीच पानं शहाण्या मुलांसारखी ओळीनं बसतात. त्याला फॉर्म म्हणायचं. असे आठ फॉर्म एकामागं एक उचलायचे, शिवायचे, पाठीला खळ लावून कव्हर चढवायचं, कडा कापायच्या, की झालं पुस्तक. घडी घालणारीला एकच फॉर्म वाटून दिलेला असतो. आज तोच, उद्याही तोच, थप्पी संपेपर्यंत तोच.

त्यामुळं बाईनं हजारभर पुस्तकं वाचली होती, पण प्रत्येकाची सोळाच पानं. तिला कितीतरी लग्नं ठाऊक होती ज्यांत नवरी कोण ते ठाऊक नव्हतं, आणि कितीतरी खून ठाऊक होते ज्यांचा खुनी सापडायला अजून दोन फॉर्म अवकाश होता. संध्याकाळी जेवताना ती हे सगळं नवऱ्याला सांगायची. नवरा सायकली दुरुस्त करायचा. घास हातात धरून ऐकायचा आणि विचारायचा, "मग पुढं?"

"पुढचा फॉर्म आत्याकडं होता."

"मग आत्याला विचारायचं ना."

"आत्या चष्मा घरी विसरली होती."

लग्नाला वीस वर्षं झाली, त्या माणसानं एकाही गोष्टीचा शेवट ऐकला नव्हता. तरी ऐकायचा. अशा नवऱ्याला सोन्याचा म्हणतात.

तीन आठवड्यांपूर्वी जुने मुकादम निवृत्त झाले आणि मालकांनी बाईला वर बोलावलं. मालक म्हणजे छापखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळ्या गोष्टी अर्ध्या पायऱ्यांवर उभं राहून बोलायची त्यांना सवय होती.

"सध्या तुम्ही बघा," ते म्हणाले. "एक मोठं काम येतंय. बाराशे प्रती, आठ फॉर्म. महिनाअखेरच्या गुरुवारी चार वाजता टेम्पो भरला, तर मुकादमकी कायम तुमची. नाही भरला तर पुठ्ठ्याच्या कारखान्यात एक माणूस आहे, त्याच्याशी बोलणं झालंय माझं. शिट्टी वापरतो म्हणे."

बाईला ती जागा हवी होती. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ऐकणारा हसला असता. साऱ्या खोलीत मुकादम हा एकच माणूस असा की ज्याच्या टेबलावर तयार झालेलं पहिलं पुस्तक पूर्ण येतं, तपासायला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. जुने मुकादम ते डोळे मिटून चाळायचे. बाई ते वाचणार होती. पण हे तीन आठवडे नेमकी पावतीपुस्तकंच आली. पावतीपुस्तकात वाचायला काय, रेघा.

आणि मग हे मोठं काम आलं. कुठल्याशा बड्या कंपनीच्या साहेबानं पुस्तक लिहिलं होतं, आजच्या व्यवस्थापकांनी जुन्या काळच्या विजेत्यांकडून काय शिकावं, असं. शुक्रवारी त्यांच्या कंपनीचं मोठं संमेलन होतं आणि प्रत्येक खुर्चीवर एक पुस्तक ठेवायचं होतं. खोलीतल्या बायकांनी विजेत्यांची नावं लक्षात ठेवायचा त्रास घेतला नाही. एकीच्या फॉर्मात जहाजवाला होता, त्यानं परत जायचा मोह नको म्हणून स्वतःचीच जहाजं जाळली. दुसरीच्यात हत्तीवाला, त्यानं बर्फाच्या डोंगरावरून हत्ती नेले. तिसरीच्यात घोडेवाला.

"माझा घोडेवाला आज मेला बाई," एक म्हणायची.

"कशानं मेला? माझ्यात तर चांगला धडधाकट आहे."

"तुझा दुसरा फॉर्म. माझा सातवा. तुझ्यात त्याला अजून मिसरूडही फुटलं नाही."

हात कमी होता म्हणून बाईनं स्वतःकडं तिसरा फॉर्म घेतला होता, पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस. आणि नेमकं त्याच पानांत होतं, माणसांवर हुकमत कशी गाजवावी. बाईला वाटलं, देवानंच वाटून दिला फॉर्म. कारण नऊजणी तिचं ऐकत नव्हत्या. वाईटपणानं नव्हे. काल खांद्याला खांदा लावून बसणारी आज म्हणते 'जरा पटपट करा', तर मनुष्य म्हणणारच, 'तूच कर की'.

पान छत्तीसवर लिहिलं होतं, थोर विजेता आपल्या सैनिकांच्या आधी कधी जेवत नसे. या खोलीत जेवणाच्या सुट्टीत दहा डबे मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांतलं खायचं, अशी रीत. सोमवारी बाईनं आपला डबा उघडून मध्ये ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बस की गं," आत्या म्हणाली. आत्या खोलीतली सगळ्यांत जुनी. खरी कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांची होती.

"तुम्ही घ्या आधी. मी मागून."

"पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग बरं," आत्या म्हणाली आणि बाईचा डबा जवळ ओढला. दहा मिनिटांनी बाई बसली तेव्हा दहाही डब्यांत फक्त झाकणांची वाफ उरली होती. "तुझ्या हाताला चव आहे हो," आत्यानं बोट चाटत सांगितलं. त्या दिवशी मुकादमबाईनं चार वाजता पाणी पिऊन पोट फसवलं. थोर विजेत्याला मागून कोण वाढत असे, ते पान छत्तीसवर दिलेलं नव्हतं.

मंगळवारी पान एकेचाळीस. विजेत्याला म्हणे हरेक शिपायाचं घर, बायको, घोडा, सगळं पाठ असे. खोलीत एक नणंद-भावजयीची जोडी होती, दोघी एकाच घरातून एकाच बसनं यायच्या आणि एकमेकींकडं पाठ करून बसायच्या. बाई भावजयीजवळ जाऊन म्हणाली, "घरी सगळं ठीक ना? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?"

भावजयीचा हात थांबला. "का? काढणार आहात का मला कामावरून?"

"नाही गं, सहज."

"तिच्या सासूचे म्हणजे माझ्या आईचे गुडघे," मागून नणंद म्हणाली. "मला विचारायचं ते. हिला काय माहिती, ही कधी तेल लावते?"

पुढचा अर्धा तास खोलीत गुडघ्यांवरून जे झालं, त्यात हत्तीवाल्याचे हत्तीसुद्धा बुजले असते.

उरलं पान अठ्ठेचाळीस. तिथं शेवटच्या ओळींत असं होतं: 'आपल्या सैन्याचे दोन भाग करावेत. दोघांना दोन निशाणे द्यावीत आणि त्यांच्यात चुरस लावावी. ज्या राजाने हे केले, त्याचे सैन्य दुप्पट वेगाने चालू लागले आणि एका उन्हाळ्यात त्याने'

आणि फॉर्म संपत होता. बाईनं हे वाक्य बाराशे वेळा अंगठ्याखाली दाबून घडीत बसवलं होतं. त्यानं पुढं काय केलं असेल, याची तिला शंकाच नव्हती. पुस्तक जिंकणाऱ्यांचं. जिंकला असणार.

म्हणून बुधवारी, कागदाला वारं दाखवून झाल्यावर, बाईनं यंत्र पुसायची दोन फडकी घेतली, एक तांबडं, एक निळं, आणि खोलीच्या दोन टोकांना टांगली.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"आजपासून दोन तुकड्या. तांबडी आणि निळी. सहाशे तुमच्या, सहाशे त्यांच्या. बघू कोण आधी उरकतं."

फॉर्म उचलायची या खोलीतली पद्धत अशी. लांब टेबलावर आठ फॉर्मच्या आठ थप्प्या ओळीनं लावायच्या. बायका एकामागं एक टेबलाभोवती फिरायच्या, प्रत्येक थप्पीतून एकेक फॉर्म उचलत, आणि आठ झाले की जुडगा आत्याच्या हातात. प्रत्येक फॉर्मच्या घडीवर एक काळी रेघ छापलेली असते, प्रत्येकाची आधीच्यापेक्षा थोडी खाली. आठ फॉर्म बरोबर लागले की पाठीवर काळ्या पायऱ्यांचा जिना दिसतो. एखादी पायरी चुकली की आत्या जुडगा परत टाकायची, न बघता म्हटलं तरी चालेल. बावीस वर्षांत तिच्या हातून चुकीचा जिना पुढं गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आता टेबलं दोन झाली. बाईनं आठही थप्प्या नजरेच्या अंदाजानं निम्म्या-निम्म्या केल्या. तांबड्यांची पुढारी नणंद, निळ्यांची भावजय. दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडं तोंड केलं. आणि काय वेग आला म्हणता. ज्या बायकांना 'जरा पटपट' म्हटलं की कंबर धरायची, त्या टेबलाभोवती पळत होत्या. मालक अर्ध्या पायऱ्यांवर आले, बघत राहिले, आणि खुशीत परत गेले.

पहिली अडचण आत्याची. आत्या एक, टेबलं दोन.

"आधी आमचे जिने बघ."

"का, तुमचे का? आमचं टेबल दाराजवळ आहे."

"ताई, हिला सांगा, आत्या काय हिच्या माहेरची आहे का?"

शेवटी बाई म्हणाली, "बरं, ज्यानं त्यानं आपले जिने आपण बघावेत. आत्या, तू खळ ढवळ." आत्यानं ढवळणी हातात घेतली.

दुपारी दुसरी अडचण. निळ्यांचा चौथा फॉर्म संपला. "वन्सं," भावजय ओरडली, "चार संपला आमचा. तुमच्याकडं जास्तीचा दिसतोय."

"दिसतोय ना? बघत बसा," नणंद म्हणाली.

बाई तेव्हा शिलाईच्या दोन यंत्रांपाशी दोरा लावत होती. ती वळून येईपर्यंत निळं टेबल पुन्हा सुरू झालेलं होतं, म्हणून तिला वाटलं, मिटलं असेल. सहाला निळ्यांचे सहाशे शिलाई-कव्हरांसकट पूर्ण झाले. त्यांनी फडकं डोक्याला बांधून खोलीला फेरी मारली. तांबड्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नणंद-भावजय त्या दिवशी दोन वेगवेगळ्या बसनं घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी निळ्यांची पुस्तकं शिवून, कव्हर चढवून, दाबाखाली ठेवलेली होती. फक्त कडा कापायच्या बाकी. तांबड्यांनी उरलेलं उचलायला घेतलं, आणि नऊ वाजता नणंदेचा हात हवेत थांबला.

"तीन संपला," ती म्हणाली. "चारची थप्पी अजून गुडघ्याएवढी आहे."

खोलीतली यंत्रं एकेक करून बंद झाली. ज्याला हे काम ठाऊक आहे त्याला यापुढं काही सांगावं लागत नाही. आत्यानं हात फडक्याला पुसले. "तीन संपला आणि चार उरला," ती म्हणाली, "म्हणजे कुणाच्या तरी पोटात दोन-दोन तीन आहेत."

बाईनं निळ्यांच्या ढिगातलं एक पुस्तक उघडलं. बरोबर होतं. दुसरं, बरोबर. अकरावं उघडलं तर अठ्ठेचाळीसनंतर परत तेहेतीस. थोर विजेता सैनिकांच्या आधी जेवत नसे, आणि सोळा पानं उलटून पुन्हा जेवत नसे. त्यानंतर एकदम पान पासष्ट. कसं झालं तेही कळायला वेळ लागला नाही. चारची जागा रिकामी पडली, शेजारची तीनची थप्पी उंच होती म्हणून तिचे दोन भाग करून एक कुणीतरी त्या रिकाम्या जागेवर सरकवला, आणि हातांना एका फेरीत आठ उचलायची सवय. हातांनी आठ उचलले. जिना कुणी पाहिला नाही. उरलेल्या चारवरून अंदाज केला तर अशी पुस्तकं एकशेऐंशीच्या आसपास होती, चांगल्यांत मिसळलेली, आणि कव्हराखाली आता एकाही पुस्तकाचा जिना दिसत नव्हता.

कटर मास्तर दाराशी बिडी न पेटवता उभे होते. कडा कापायचं यंत्र त्यांच्याकडं. दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलणारा माणूस. "पाठवून द्या," ते म्हणाले. "साहेब लोक अठ्ठेचाळिसाव्या पानापर्यंत पोचत नाहीत."

कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं. बाईनं ते पुस्तक बराच वेळ हातात धरून ठेवलं. ती काही बोलली नसती तर चारला टेम्पो भरला असता, मुकादमकी मिळाली असती, आणि तिच्या हातून गेलेलं पहिलंच पूर्ण पुस्तक अर्धवट असतं. तिनं उरलेल्या थप्पीतला चौथा फॉर्म उचलला. पान एकोणपन्नास. मोठ्यानं वाचलं: "'तीन किल्ले घेतले. चौथ्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्या दोन सैन्यांनी एकमेकांचे तंबू जाळले, आणि राजाला पायी घरी यावे लागले. म्हणून हा धडा कधीही गिरवू नये.'"

आधी आत्या हसली. मग सगळी खोली. बाईसुद्धा हसली, पण तिचे कान तापले होते.

"हे कुणाकडं होतं?" तिनं विचारलं.

तांबड्यांतली एक किरकोळ अंगाची बाई, तिला सगळे चिमणी म्हणत, हात वर करून म्हणाली, "माझ्याकडं. चार दिवस त्याच पानाची घडी घालत होते."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही फडकी टांगलीत तेव्हा मला वाटलं, ताईंनी पुढचं वाचलं असणार. मुकादम आहेत. आणि विचारलं कुठं तुम्ही?"

 बाईनं दोन्ही फडकी काढली, खळीच्या बादलीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. अर्ध्या वाक्यात उठले मी. आता सांगा, कसं करायचं?"

गंमत अशी की हे विचारल्याबरोबर नऊजणींना नऊ गोष्टी सुचल्या. धुक्यानं हवा दमट, खळ पुरती वाळली नाही, कव्हर सोलून निघेल, हे आत्यानं सांगितलं. कव्हर निघालं की पाठ उघडी, जिना आपोआप दिसेल. निळ्यांच्या पोटातला जादा तीन काढून तांबड्यांना, तांबड्यांचा चार निळ्यांना, हे नणंदेनं सांगितलं आणि सांगताना भावजयीकडं पाहिलं. "दोरा मी कापते," भावजय म्हणाली. "तुमचे हात थरथरतात, वन्सं."

"पण आधी शोधायची कशी?" बाई म्हणाली. "सहाशे कव्हरं सोलायची नाहीत. प्रत्येक पुस्तक उघडून बघावं लागेल. त्याला माणसं हवीत." आणि ती जिना चढून वर गेली.

वर मालकांसमोर पुस्तकाचे साहेब बसलेले होते. आपलं पुस्तक बघायला आले होते. उंच, नीटनेटके, खिशाला तीन पेनं. बाईनं खुर्ची घेतली नाही. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं, फडक्यांसकट.

मालक पांढरे पडले. "शिट्टीवाला परवडला असता," ते म्हणाले.

"परवडला असता," बाई म्हणाली. "पण तो आज येईपर्यंत चार वाजतील. तुम्हाला दोघांना आत्ता काही काम आहे का?"

साहेबांनी विचारलं, "कुठला भाग दोनदा आलाय?"

"सैनिकांच्या आधी न जेवण्याचा. तो करून पाहिला मी. उपाशी राहिले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "मीही करून पाहिला होता," ते म्हणाले. "आमच्या कॅन्टीनमध्ये."

दहा वाजता मालक आणि साहेब बाह्या सारून निळ्यांच्या ढिगापुढं स्टुलावर बसले होते. काम सोपं होतं. अठ्ठेचाळीसच्या पुढं एकोणपन्नास असेल तर डावीकडं, तेहेतीस असेल तर उजवीकडं. मालकांचा हात चालू लागला. साहेब मात्र दर पुस्तकाशी अडकत होते.

"वाचू नका साहेब," आत्या म्हणाली. "नुसतं बघा."

"इथं एक वाक्य जरा..."

"आता काय उपयोग. उजवीकडं टाका."

तिकडं कव्हरं सोलली जात होती, दोरे कापले जात होते, शिलाईची दोन्ही यंत्रं पुन्हा खडखडू लागली होती. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, तेव्हा बाई म्हणाली, "आत्या, थांब. क्रमानं. पहिला फॉर्म कुणाकडं होता? सांग, काय आहे त्यात?"

पहिलीनं सांगितलं. मग दुसरीनं, घोडेवाल्याच्या लहानपणचं. तिसरा बाईनं स्वतः, चौथा चिमणीनं. जहाजवाल्याची पाळी आली तेव्हा भावजय कात्री थांबवून म्हणाली, "जहाजं जाळली ते ठीक. पण खलाशांना विचारलं होतं का त्यानं?"

"लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग पोहणारे किती होते, तेही नसेल लिहिलेलं."

साहेबांनी खिशातलं एक पेन काढलं आणि मनगटावर काहीतरी टिपून घेतलं. हत्तीवाल्याच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, पण ते इतकं सविस्तर झालं की मालकांनी तीन पुस्तकं चुकीच्या बाजूला टाकली, आणि आत्यानं साहेबांना गप्प केलं.

"तुम्ही स्वतः कधी काही जिंकलंत का, साहेब?" चिमणीनं विचारलं.

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चहाची वेळ पंधरा मिनिटं पुढं आणायची होती," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. चालू आहे."

आठवा फॉर्म आत्याचा. आत्यानं एका दमात उरकला. "सगळे मेले. एक तापानं, एक घोड्यावरून पडून, एकाला झोपेत जावयानं मारलं. मागं पोरांनी मुलूख वाटून घेतला आणि भांडत बसले. संपलं."

"म्हणजे शेवटी वाटणीच," नणंद म्हणाली.

"गुडघ्यांचीसुद्धा," भावजय म्हणाली, आणि दोघींना असं हसू फुटलं की दोरा कापायचा राहिला.

बाई मात्र हात चालवता चालवता एकदम स्वस्थ झाली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं एक पुस्तक सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकलं होतं.

टेम्पो चारला येऊन उभा राहिला. भरून गेला तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. कटर मास्तरांनी शेवटची कड कापली, आत्यानं शेवटच्या पुस्तकावर हात फिरवला, आणि साहेब टेम्पोतच पुढं ड्रायव्हरशेजारी बसून गेले, कोटाच्या बाहीला खळ लागलेली.

मालक खळीचे हात पुसत खोलीच्या मधोमध उभे होते. पायऱ्यांवर नव्हे, खोलीत. "मी चार म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाली. "चाळीस मिनिटं उशीर झाला."

"सकाळी तुम्ही वर आला नसता तर मला हे कधी कळलं असतं?"

"कधीच नाही," दारातून कटर मास्तर म्हणाले. त्यांचं ते त्या दिवसाचं दहावं वाक्य असावं.

मालकांनी हातातलं फडकं बादलीशेजारी ठेवलं. "शिट्टीवाल्याला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "कारण काय सांगू?"

"सांगा, इथं आवाज आधीच पुरेसा आहे."

"ठीक आहे, मुकादमबाई."

"एक आहे," बाई म्हणाली. "पुढचं पुस्तक येईल तेव्हा उचलायला सुरुवात करायच्या आधी आम्ही सगळ्यांनी आपापला फॉर्म सांगायचा. क्रमानं. अर्धा तास जाईल."

"अर्धा?"

"साहेब नसले तर अर्धा."

मालक मान हलवून वर गेले. बायका डबे भरून, केस सारखे करून निघायला लागल्या. नणंद-भावजय एकाच दारातून बाहेर पडल्या, बस चुकल्याचा दोष एकमेकींना देत. बाईनं घड्याळ पाहिलं. सुटायला अजून पंधरा मिनिटं होती, आणि उद्याचं काम कोपऱ्यात येऊन पडलं होतं, बसचं नवं वेळापत्रक, एकपानी, दोन घड्यांचं. मालक बसले होते तेच स्टूल तिनं टेबलाशी ओढलं, घडी दाबायची पट्टी हातात घेतली, वरचा कागद समोर घेतला, कोपऱ्याला कोपरा लावला आणि अंगठ्यानं पहिली घडी बसवली.